आबांनी मोकळी ठेवलेली जागा

आबा,

आज रविवार. मे महिना संपत आला आहे. सकाळी खालच्या गावात ग्रामसभा झाली. मी काल संध्याकाळीच जळगावहून आले, चोपड्याला उतरले आणि मिळेल त्या गाडीने पाड्यावर पोचले. दवाखान्यातल्या नोकरीतून सुट्टी मिळायला त्रास झाला, पण मिळाली. सभा दुपारच्या आत संपली. आपल्या पाड्यावर शाळा होणार नाही, असं ठरलं. मंजूर झालेला पैसा खालच्या गावातल्या शाळेला जाईल. तिथे दोन खोल्या वाढतील आणि भोवती कंपाउंडची भिंत होईल. घरी येऊन जेवले, भांडी घासली, आणि आता ओट्यावर बसून तुम्हाला लिहिते आहे. याआधी कधी लिहिलं नव्हतं. तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला पत्र वाचून दाखवायला कोणीतरी शोधावं लागलं असतं.

मला धुळ्याच्या वसतिगृहात सोडायला निघालात, त्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ मला अजून दिसते. आई चुलीपुढे बसली आहे, भाकरी तव्यावर आहे. कपड्यांवर खूण करून आणा, असं वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलं होतं. तुम्हाला अक्षरं जेमतेम येत. चुलीतला विझलेला कोळसा घेऊन तुम्ही माझ्या फ्रॉकच्या गळ्याशी माझं पहिलं अक्षर काढलंत, आणि आईने त्यावरून लाल दोरा घातला. तिला ते अक्षर वाचता येत नव्हतं. अक्षर झाल्यावर तिने शेजारी एक फुलीचा टाका घातला. "हा कशाला?" तुम्ही विचारलंत. "ते तुमनं, हाई मनं," ती म्हणाली. अक्षर तुमचं, हा टाका माझा. दुसऱ्या दिवशी तुम्ही पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन चालत होता. नाला ओलांडताना मी रडायला लागले. पावसाळ्यात हा नाला भरला की खालच्या गावच्या शाळेत जाता येत नाही, म्हणूनच मला घर सोडावं लागत होतं. तुम्ही पेटी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "तुना मांगे कोणलेच जानं पडाव नही." माझ्यामागून कोणालाच जावं लागणार नाही. सहा वर्षांच्या मुलीला त्याचा काय उपयोग, असं तेव्हा वाटलं असेल. पण तुम्ही ते खरं करायला निघाला होता.

रस्त्यालगतचा तुकडा तुम्ही शाळेसाठी दिलात. मी सुट्टीत घरी यायचे तेव्हा तो मोकळाच दिसायचा. शेजारच्या शेतात ज्वारी असायची, कापूस असायचा आणि मध्ये ही जागा साफ करून ठेवलेली. तुम्ही तिच्यातले दगड वेचून बांधाला रचत होता, पायाला कामी येतील म्हणून. आई चिडायची, "निदान तूर तरी टाका." तुम्ही म्हणायचात, साहेब लोक कोणत्या दिवशी येतील सांगता येत नाही. उभं पीक दिसलं तर म्हणतील, निघू द्या, मग पाहू. त्यांना तेवढंही निमित्त द्यायचं नाही. पाऊस नीट न झालेल्या सालीसुद्धा तुम्ही तिथे वखर घातला नाही. तुम्ही गेल्यावर भावानेही घातला नाही. पाड्यावर त्या जागेला अजून सगळे शाळाच म्हणतात. बकरी कुठे गेली विचारलं तर, "शाळामा चरी ऱ्हायनी," असं सांगतात.

तुमच्या मागे काय झालं ते सांगते. आपल्या पाड्याचे ग्रामपंचायतीतले मेंबर भाऊ, त्यांनी शाळा मंजूर करून आणली. त्यांनी येऊन नारळ फोडला. आठवड्याने खालच्या गावचे नाना आले, ज्यांच्या केळीच्या बागा नाल्यापर्यंत आहेत ते. पैसा खरा मी आणला म्हणून त्यांनीही त्याच जागी नारळ फोडला. मग पाटीवरून भांडण लागलं. भाऊंना त्यांच्या वडिलांचं नाव हवं होतं, नानांना त्यांच्या नेत्याचं. तुम्ही जागा देताना पाटीचा विषय निघाला होता, तेव्हा तुम्ही "मन्हं नाव नको भाऊ, फक्त शाळाले दार द्या," म्हणाला होता. ते कोणालाच आठवलं नाही. दोघांनी एकमेकांविरुद्ध अर्ज केले, काम अडलं. मला तेव्हा फार राग यायचा. आता वाटतं, ते भांडत होते तोवर बरं होतं, कारण भांडायला तरी दोघांना ती शाळा लागत होती. या उन्हाळ्यात एका लग्नात दोघे शेजारी जेवायला बसले आणि समेट झाला. त्यानंतर शाळेचं नाव दोघांनीही काढलं नाही. काढलं ते आज, सभेत.

सभेत पाड्यावरून आम्ही थोड्याच होतो. मी, वहिनी आणि काही म्हाताऱ्या. आजच सकाळी नानांच्या बागेत केळी कापायची निघाली आणि मजुरांसाठी गाडी पाड्यावर आली. माझा भाऊ पायात चप्पल घालत होता. मी म्हटलं, "आज तरी थांब." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गाडी दारात उभी शे, अक्का. आज नही म्हटलं तर उद्या गाडी दारावरून निघी जाई. तू सुट्टीवर आलीस, मी कुठे सुट्टी मागू?" तो गेला. गाडीत बठ्ठा पाडा होता, सगळाच्या सगळा.

सभेत मेंबर भाऊ नानांच्या शेजारी बसले होते आणि मोबाईल बघत होते. पाड्यावर पोरं कमी आहेत, आहे तीच शाळा मोठी करू, असा ठराव वाचला गेला. मला बोलायची सवय नाही, तरी उभी राहिले. म्हटलं, जागा आबांनी दिली आहे, पावसाळ्यात नाला पोरांना येऊ देत नाही. नाना हसले. "बसा अक्का, बसा. आबांना आम्ही विसरलो का? जागा कुठे पळून जाते? नाल्यावर पूलसुद्धा होईल." मागून कोणीतरी म्हणालं, "अक्काले जळगावहून पाड्यावर पहिलीत नाव घालनं शे का?" सगळे हसले. मग नाना उठले आणि आवाज चढवून म्हणाले, "नव्या कंपाउंडच्या गेटला आबांचं नाव देऊ. काय?" टाळ्या वाजल्या. शेजारच्या म्हातारीने माझा हात दाबला, तिला आनंद झाला होता. तुम्ही नाव नको, दार द्या म्हणाला होता, आबा. त्यांनी दार दिलं, नाल्यापलीकडे, आणि त्यावर तुमचं नाव. मला ओरडून नको म्हणायचं होतं. पण टाळ्या तुमच्यासाठी होत्या, आणि त्या थांबवायच्या कशा ते मला कळेना. ठरावाच्या विरोधात हात वर करायला सांगितले तेव्हा आम्ही केले. मोजायची गरज पडली नाही.

परत येताना वहिनी म्हणाली, "जाऊ द्या ताई. तुम्ही तरी शिकल्याच ना जाऊन?" भावाची मुलगी आता सहा वर्षांची आहे. जूनमध्ये तिला त्याच धुळ्याच्या वसतिगृहात पाठवायचं ठरलं आहे. दुपारी तिने मला विचारलं, "आत्या, तठे रात्री दिवा बंद करतस का?" मी म्हटलं, करतात. "मग?" म्हणाली. मी म्हटलं, मग झोप लागते. तुमच्यासारखं काही मला बोलता आलं नाही.

हे पत्र मी कुठे ठेवणार तेही माहीत नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. वसतिगृहासाठी तिचे फ्रॉक मीच घेऊन आले आहे. त्यातल्या दोनांवर तिचं अक्षर मी जळगावलाच, ग्रामसभेच्या आधीच, घालून ठेवलं होतं. मी इथे उभी राहून बोलले, पण आले तेव्हाच पिशवीत लाल दोरा होता.

तिसरा राहिला आहे. वहिनी पाण्याला गेली आहे, मुलगी तुमच्या मोकळ्या जागेत बकरी हाकते आहे. मी चुलीतला कोळसा घेऊन अक्षर काढलं, त्यावरून दोरा घातला. शेजारी फुलीचा एक टाका घातला आणि दोरा दातांनी तोडला.