उभा चढ

३ ऑक्टोबर १९८८, सोमवार
आज सातवीच्या वर्गात थाप मारली. इंग्रजीच्या धड्यात ‘स्टीप’ शब्द आला. नक्की अर्थ ठाऊक नव्हता. फळ्यावर ठोकून दिलं — स्टीप म्हणजे उंच.
चिमी उठली. चंदेरी डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरून रोज चालत येते, एरवी तोंड उघडत नाही. तिनं विचारलं, टेकडी एवढीशी आहे असं धड्यातच म्हटलंय, मग ती उंच कशी? घंटा झाली म्हणून सुटले.

४ ऑक्टोबर
काल विठ्ठलवाडीला घरी पोचल्याबरोबर शब्दकोश काढला. स्टीप — उभ्या चढणीचा. उंचीशी संबंधच नाही! जिनासुद्धा स्टीप असतो.
आज वर्गाला सांगितलं, काल मी चुकले. कुणी हसलं नाही. चिमी म्हणाली, बाई, रविवारी आमच्याकडे या, दाखवते.

९ ऑक्टोबर, रविवार
गेले. चिमीची आई रखमा गवत कापायला निघाली होती. तिच्या मागोमाग आम्ही दोघी.
आधी साधी पायवाट. मग वाट संपली आणि डोंगर समोर उभाच राहिला. मान मागे टाकली तरी माथा दिसेना. जमीन पायाखाली असते — इथे ती छातीला लागत होती!
मध्यावर पाय लटपटले. वर जाता येईना, खालीही येता येईना. रखमा माझ्या खालच्या बाजूला आली. माझी टाच तळहातावर घेऊन खोबणीत बसवली.
“खाली बघू नका, बाई. हात धरलाय तिथंच बघा.”
असं एकेक पाऊल. वर पोचल्यावर मी कितीतरी वेळ नुसती बसून होते. अख्खं बदलापूर तळहाताएवढं. रखमा केव्हाच विळा घेऊन कामाला लागली होती. उतरताना तिच्या डोक्यावर भारा. मी बसून घसरत आले, ती अंगणात चालावं तशी.
हे सगळं मी फळ्यावर ‘उंच’ म्हणून उरकलं होतं.

१० ऑक्टोबर
अंग ठणकतंय. तरी डोळ्यांपुढून तो कडा हलत नाही.

१४ ऑक्टोबर
चाचणी. ‘स्टीप’चा वाक्यात उपयोग करा. चिमीनं लिहिलं — माय फादर फेल फ्रॉम अ स्टीप हिल.
व्याकरण बिनचूक. मधल्या सुट्टीत तिला बाजूला घेऊन विचारलं. दोन वर्षांपूर्वी, गवत कापायला गेले असताना पडले.
“तुमचे पाय लटपटले ना बाई, तिथूनच.”