पालथं पिंप

गुरुवार, संध्याकाळ

अजून खरं वाटत नाही. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, भरलेलं पिंप ओतून दिलं. आख्खं!

हा आठवडाच असला. सोमवारी माझ्या हातून मिक्सर जळाला, तेव्हापासून आत्यांचं रोज बोलणं चालू. काल खलबत्त्यात कुटून शेंगाचटणी मनासारखी जमली, तर तेवढ्यात माझ्या हातून तांब्याभर पाणी सांडलं आणि आत्यांनी दिवसभर ऐकवलं. आमच्याकडं पाणी काय रोज येतं? आज नळाचा वार. म्हणून त्यांनी सकाळीच शिळं पाणी मोरीत सोडलं, पिंप घासून पालथं घातलं. आणि नळ आलाच नाही.

मी कामावरून आले तर दारात ते पालथं पिंप आणि शेजारी आत्या बसलेल्या. आठवडाभर मनात किती उत्तरं घोकली होती मी! पण चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी टेकले.

त्याच म्हणाल्या, "गप का गं? बोल की. तुज्या हातनं झालं असतं तर मी सोडलं नसतं बग."

पिंप बघून बसला नव्हता एवढा धक्का मला आत्ता बसला. म्हणजे त्यांचं बोलणं मला लागतंय, हे त्यांना रोज कळत होतं?