जठारपेठेतली चौकशी

८ एप्रिल
सुभद्रानं मले ग्रुपमधून काढलं! समोर तिच्या गच्चीवर गल्लीतल्या साऱ्या बाया कुरडया घालून राहिल्या, अन् मी खिडकीतून पाहून राहिली. गुन्हा काय माहा? म्हटलं, तुहा चीक कच्चा राहिला वं. राहिलाच होता!

११ एप्रिल
आज कोणी साधं 'काय वं' म्हटलं नाई. कामवाली कुठं मिळते, दवाखान्यात नंबर कोण लावून देते, कोणाच्या पोरीले कोणतं स्थळ — सारं त्या गच्चीवरच ठरते. वीस वर्षं मीबी तिथंच बसली. एका दिवसात परकी! जळो त्या कुरडया.

१४ एप्रिल
माह्या गीतांजलीले अमरावतीचं स्थळ आलं. पोरगा पाटबंधाऱ्यात इंजिनिअर. फोटो पाहून लाजली — तीन वर्षं स्थळं पाहून राहिलो, त्यात पहिल्यांदा! पण ते लोक आता गल्लीत चौकशी करतीन. अन् गल्लीत चौकशी म्हणजे सुभद्रा! ती बया माह्या पोरीचं वाटोळं केल्याबिगर राहीन का?

१७ एप्रिल
अमरावतीहून एका बाईचा फोन. नाव सांगतलं नाई. वाटलं, आपल्याच स्थळाचा — पण इचारलं सुभद्राच्या प्राजक्ताबद्दल! पोरगी कशी हाय म्हणे.
आता सापडली! म्हटलं, "चांगली हाय हो, पण..."
"पण काय?"
"मोबाइल हातातून सुटत नाई. कोणाशी बोलते, देव जाणे. मले काय करायचं? तुमीच पाहा."
खोटं. सपशेल खोटं. पोरगी गरीब गाय हाय. पण मले वाळीत टाकलं तवा सुभद्रानं केला का इचार? आज जेवण गोड लागलं.

२० एप्रिल
सुभद्रा किराण्याच्या दुकानात भेटली. चक्क हसली! नक्कीच काडी लावून आली असन.

२२ एप्रिल
नकार आला. फोनवाली बाई पोराची मामी निघाली. त्या एकाच पोरासाठी दोन्ही पोरींची चौकशी चालू होती! तिनं गीतांजलीलेच सांगतलं — सुभद्राताईनं तुहं तोंडभर कौतुक केलं बाई, पण तुह्या आईसारखी इहीण आमाले नाई झेपणार.
गीतांजली रडली नाई. माह्याकडे पाहून म्हणे, "सुभद्रामावशीच्या पोटी काहून नाई जन्मली मी?"