बदकांचा मोसम आणि आमचे व्याही

एडिनबरा,
६ ऑगस्ट

तीर्थरूप दीनानाथकाकांस व सौ. काकूंस,

शशीचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही उभयता ठीक आहोत (वीणा पूर्ण ठीक, मी कमरेपासून वर ठीक, खालचं पुढे येईलच). तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि आता पेपरातले बारीक टाइपातले मृत्युलेखसुद्धा चष्म्याशिवाय वाचता येतात, हे काकूंकडून कळलं. फार आनंद झाला. काकूंच्या टोमॅटोंवर यंदा कीड नाही ना? आणि ईलिंग कौन्सिलशी तुमचं कचऱ्याच्या हिरव्या बिनावरून जे चाललं होतं ते मिटलं का? मिटलं असेल तर कळवा, नसेल तर लढत राहा. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॅपला तुम्ही हात लावत नाही, म्हणून सविस्तर पत्र लिहितो आहे. पत्र लांब आहे. चहा घेऊन बसा.

आमच्या वरदाचं लग्न ठरलं हे तुम्हाला माहीत आहेच. मुलगा यूअन, इंजिनियर, स्वभावाने गरीब, पोहे आवडीने खातो. प्रश्न त्याचा नाही, त्याच्या वडिलांचा आहे. त्यांचं नाव मर्डो. (मी वीणाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने "काय झालं? कुणाचा खून?" असं विचारलं. हे इकडच्या हायलँडकडचं जुनं, सभ्य नाव आहे.) वय बहात्तर, आयुष्य फेरीबोटींवर कॅप्टन म्हणून काढलेलं, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. फोर्थच्या खाडीकाठी एका खेड्यात एकटे राहतात. ईस्टरला आम्ही त्यांना जेवायला बोलावलं, तर तीन तासांत हा गृहस्थ मोजून पाच वाक्यं बोलला. त्यातली चार बदकांबद्दल होती. पाचवं वाक्य अळूवडीबद्दल होतं, पण ती संपल्यावर आलं, त्यामुळे स्तुती की सुटका ते कळलं नाही.

ती मंडळी गेल्यावर वरदा मला किचनमध्ये घेऊन गेली आणि म्हणाली, "बाबा, एक सप्टेंबरला बदकांचा सीझन सुरू होतो. तू जाशील का त्याच्याबरोबर? प्लीज. तो खूप एकटी आहे."

काका, माझ्या मुलीचं मराठीतलं लिंग आयुष्यभर चुकत आलं. तो खुर्ची, ती टेबल, आणि आता तो एकटी. पण मला त्या चुकीने जे समजलं ते बरोबर वाक्याने समजलं नसतं. मी "जाईन" म्हणालो. वीणाने भांडी घासता घासता माझ्याकडे एकदा वळून पाहिलं. गेली छत्तीस वर्षं हा माणूस उंदराचा पिंजरा दाराबाहेर नेऊन उघडतो आणि वर त्याला रस्ता दाखवतो, हे तिच्या नजरेत लिहिलेलं होतं.

आता, बदकांच्या शिकारीला जायचं म्हणजे बंदूक पाहिजे, हे मी माझं मीच ठरवलं. कोणाला विचारलं नाही. बंदूक पाहिजे तर पोलिसांचं सर्टिफिकेट पाहिजे, सर्टिफिकेट पाहिजे तर डॉक्टरचा दाखला पाहिजे (माझी जी.पी. ही माझ्याच जुन्या विद्यार्थिनींपैकी, "सर, घरी सगळं ठीक आहे ना?" असं तिने इतक्या हळुवारपणे विचारलं की मला रडूच येईल असं वाटलं), आणि बंदूक ठेवायला भिंतीत बोल्टने ठोकलेलं लोखंडी कपाट पाहिजे. आमच्या बंगल्यात विटांची भिंत एकच, जिन्याखालची. तिथे वीणाचे मोठे कुकर, गौरीचे मुखवटे आणि दिवाळीच्या फराळाचे डबे राहतात. डबे हलवले, ड्रिल लावलं, आणि तिसऱ्या भोकाला पाण्याचा पाइप लागला. गौरींचे मुखवटे मी छातीशी धरून बाहेर काढले. प्लंबर येईपर्यंत पाऊण तास भिंतीवर बोट दाबून उभा होतो. तेव्हा मनात आलं, की ऑपरेशन थिएटरमध्ये चाळीस वर्षं मी भूल देत होतो आणि सर्जनने भलतीच नस कापली की मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो. त्या सगळ्या सर्जनांची मी त्या पाऊण तासात माफी मागितली.

मग पोलिसांकडून चौकशीला एक बाई आल्या. तरुण, गोड, हातात टॅबलेट. कपाट हलवून पाहिलं, किल्ली कुठे ठेवणार विचारलं. मग नेहमीचा प्रश्न, बंदूक कशासाठी हवी? खरं तर शिकारीसाठी एवढंच म्हणायचं. पण माझ्या डोक्यात वरदा. मी म्हणालो, "घरच्या संबंधांसाठी. जरा ताणलेले आहेत."

बाईंनी लिहिणं थांबवलं. पुढची दहा मिनिटं मी व्याही, विहीण, रुखवत आणि मानपान हे सगळं इंग्रजीत समजावत होतो आणि ते उत्तरोत्तर जास्त भीषण होत गेलं. शेवटी त्यांनी वीणाला विचारलं, तुमची दोघांची भांडणं होतात का? वीणा म्हणाली, "रोज. पण मराठीत." आणि त्यांना चहा नि शंकरपाळे दिले. शंकरपाळ्यांनी वाचवलं, काका. माझ्या बोलण्यावर तर मला मीच सर्टिफिकेट दिलं नसतं.

नेम शिकायला मी त्याच्या आधीपासूनच एका शूटिंग ग्राउंडवर जात होतो (तिथे त्यांचीच बंदूक, सर्टिफिकेट लागत नाही). गाडी वीणा चालवायची, कारण पहिल्याच दिवसानंतर माझा उजवा खांदा वर जाईना. तिथे खऱ्या पक्ष्यांऐवजी मशीनमधून मातीच्या नारिंगी बशा हवेत उडतात. आपण "पुल!" असं ओरडायचं, बशी उडते, आपण फोडायची. शिकवणारी बाई लिंडा म्हणून, फार धीराची. तिला पहिली अडचण आली ती माझ्या "पुल"ची. ज्याने जन्मभर पेशंटच्या कानात "आता शांत झोपा" म्हटलं त्याच्या तोंडून ओरडणं निघत नाही. मशीन चालवणाऱ्याला ऐकूच जाईना. आणि एकदा बशी उडाली की मी तिच्याकडे पाहत राही, कारण ती फार सुंदर उडते. पंचवीस बशांत माझी एक फुटली. लिंडाने टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं की ती मशीनमधूनच तडकलेली आली होती.

शिवाय बदकांची शिट्टी. ही लाकडी नळी असते, तोंडात धरून फुंकली की बदकिणीसारखा आवाज येतो आणि वरून जाणारी बदकं फसून खाली उतरतात, असं पाकिटावर लिहिलं होतं. मी बागेत बसून चार दिवस सराव केला. पाचव्या दिवशी शेजारच्या बाई कुंपणावरून डोकावल्या आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, की त्यांच्या नवऱ्यालाही असंच पोटाचं झालं होतं, एक चांगला स्पेशालिस्ट माहीत आहे.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पुढचं मात्र जरा बसूनच वाचा.

गेल्या रविवारी मर्डोंनी मला खाडी दाखवायला नेलं. शिकार नाही, बंदूक नाही. मोसमाच्या आधी जागा पायांखालची झाली पाहिजे, ओहोळ कुठे, भरतीचं पाणी कुठून शिरतं, हे समजलं पाहिजे. माझ्या अंगात छातीपर्यंत येणारी रबरी विजार, तिलाच खाली बूट जोडलेले, सेलमध्ये मिळाली म्हणून एक नंबर मोठी घेतलेली. पाठीवर गोणी, गोणीत प्लास्टिकची बारा खोटी बदकं. ती पाण्यावर सोडायची असतात, खऱ्यांना वाटावं की इथे आपलीच मंडळी जमली आहेत. मर्डो काठी टेकत पुढे, मी मागे. ते म्हणाले होते, माझ्या पावलांवर पाऊल ठेव. मी ठेवत होतो. मग एक बगळा उडाला, मी वर पाहिलं, आणि एक पाऊल डावीकडे पडलं.

आधी घोटे गेले. मी पाय ओढला तर दुसरा गुडघ्यापर्यंत गेला. जितकं ओढावं तितकं खाली. मांड्यांपर्यंत आत गेल्यावर मी ओरडलो, आणि काका, माझा आवाज त्या दिवशी अगदी व्यवस्थित निघाला. मर्डो वळले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं. भरती सुरू झाली होती आणि माझ्या मागच्या ओहोळातून बारीक पाणी येताना मला ऐकू येत होतं.

"हलू नकोस," ते म्हणाले. "लांब श्वास घे. दहापासून उलटे आकडे मोज."

हे वाक्य मी आयुष्यात हजारो लोकांना म्हटलं असेल. कोणी मला म्हटलं नव्हतं. मी मोजलं. मर्डो पोटावर आडवे झाले, माझ्या पाठीवरची गोणी ओढून त्यांनी माझ्या पुढ्यात चिखलावर पसरली आणि म्हणाले, आता हिच्यावर पालथा हो, खांद्यांचे पट्टे सोड आणि विजारीतून बाहेर ये. ती खाडीला दे. मी बारा प्लास्टिकच्या बदकांवर छाती टेकली (एकेकाची चोच कुठे कुठे लागली ते काकूंसमोर लिहीत नाही) आणि सापाने कात टाकावी तसा इंच इंच बाहेर आलो. एक नंबर मोठी घेतली होती म्हणूनच निघालो. खाली आमची गरम कपड्याची पांढरी तंग तुमान, बाकी काही नाही.

मी कडक जमिनीवर पोचून हसायला लागलो. भीतीने हसतात तसं. मर्डो हसले नाहीत. ते गवतावर बसले होते, तोंड राखेसारखं, एक हात छातीवर.

त्यानंतरची पाच मिनिटं मला माझ्या तुमानीची शुद्ध नव्हती. नाडी पाहिली. त्यांनी खिशाकडे बोट दाखवलं, तिथला हृदयाचा स्प्रे काढून जिभेखाली मारला. त्यांना मागून आधार देऊन बसलो, त्यांची पाठ माझ्या छातीला. अँब्युलन्सला फोन करू लागलो तर त्यांनी मनगट धरलं, थांब म्हणाले. हळूहळू रंग आला. पाणी आमच्यापासून दहा फुटांवर होतं आणि आम्ही दोन म्हातारे तिथे बसून ते चढताना पाहत होतो. आणि काका, तेव्हा हा माणूस बोलला.

सँडी म्हणून त्यांचा शिकारीतला जोडीदार होता. चाळीस वर्षं दोघं एकत्र या खाडीत आले. सँडी गेल्या जानेवारीत गेला. मार्चमध्ये मर्डोंच्या हृदयात स्टेंट घातला. त्यांच्या शिकारीच्या क्लबने सांगितलं, आता एकट्याने खाडीत उतरायचं नाही. क्लबात दुसरे लोक आहेत, पण ते तरुण, आणि मर्डोंना कुणाकडे "मला सांभाळायला येता का" असं मागता येईना. वरदाने ते ओळखलं. तिने त्यांना सांगितलं, माझे बाबा डॉक्टर आहेत, त्यांना सध्या काही काम नाही.

"मला फक्त बरोबर बसायला माणूस हवा होता," मर्डो म्हणाले. "बंदूक घ्यायला तुला कोणी सांगितलं?"

मी खरं सांगितलं, कोणी नाही. मग म्हणालो, माझ्याच्याने बदक मारवेल असं वाटत नाही. ते पाण्याकडे पाहत म्हणाले, सँडीचाही नेम लागत नसे. पण तो मुद्दाम चुकवायचा की खरंच चुकायचा, हे चाळीस वर्षांत त्यांनी विचारलं नाही.

परतीची वाट गोल्फ कोर्सला लागून जाते. रविवारची दुपार. चार बायका पटिंग करत होत्या. त्यांच्या समोरून चिखलाने माखलेले आम्ही दोघं गेलो, मर्डोंचा हात माझ्या खांद्यावर, मी पांढऱ्या तुमानीत, पाठीवर बदकं. एकीने विचारलं, सगळं ठीक आहे ना? मर्डो टोपी उचलून म्हणाले, "हे माझ्या सुनेचे वडील." आणि मग ते हसायला लागले ते गाडीपर्यंत थांबले नाहीत. मी त्यांना त्याच संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये तपासायला नेलं. काळजीचं नाही, गोळ्या बदलल्या आहेत, आणि मी बरोबर असेन तर खाडीत जाता येईल असं तिथल्या डॉक्टरने कबूल केलं. आता रोज संध्याकाळी मर्डोंचा फोन येतो. वाऱ्याची दिशा सांगतात आणि ठेवून देतात.

असो. काकूंना नमस्कार. डोळ्याला वाऱ्यापासून जपा. लग्नाला तुम्ही दोघांनी यायचंच आहे, वरची खोली तुमची, जिना नको असेल तर खालची.

तुमचा,
शशी

ता.क. एक किरकोळ गोष्ट राहिली. बंदुकीच्या फॉर्ममध्ये आपल्याला चांगलं ओळखणारा, या देशात राहणारा, प्रतिष्ठित माणूस द्यावा लागतो. नातेवाईक चालत नाही. तुम्ही बाबांचे मित्र, माझे सख्खे काका नव्हे, ही गोष्ट मला जन्मात पहिल्यांदा सोयीची वाटली. मी तुमचं नाव दिलं आहे. तीन आठवड्यांपूर्वी. पोलिसांचं पत्र आलं असेल, ते कौन्सिलचं समजून हिरव्या बिनात टाकलं नसलंत तर कृपया उत्तर द्या. बंदूक नकोच असेल तर अर्ज मागे का घेत नाहीस असं तुम्ही म्हणाल. पण मर्डो म्हणाले, आता केलाच आहेस तर येऊ दे, दोघं चुकवू.

ता.ता.क. त्यात "या व्यक्तीने स्फोटक वस्तूंच्या बाबतीत कधी बेजबाबदारपणा केला आहे का" असं काहीसं विचारतील. तुमच्या बागेतली सत्त्याण्णव सालची दिवाळी, दुधाच्या बाटलीतलं रॉकेट आणि शेजाऱ्यांची काचेची खोली मी विसरलेलो नाही. खोटं बोला असं मी तुम्हाला कधीच म्हणणार नाही. पण अलीकडे जुनं आठवत नाही असं तुम्हीच गेल्या पत्रात लिहिलं होतं, तेवढं ध्यानात असू द्या.

काका, नमस्कार. वीणा. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. ह्यांना ठाऊक नाही ते लिहिते. त्या ग्राउंडवर गाडीत बसून कंटाळा यायचा, म्हणून लिंडाकडे मीही दहा बशा मागितल्या. सात फुटल्या. पुढच्या वेळी नऊ. ती पोलीसबाई आमच्या दोघांच्या अर्जांसाठी आली होती, हे शंकरपाळ्यांच्या नादात ह्यांच्या लक्षात आलं नाही. माझं सर्टिफिकेट शनिवारी आलं. मर्डोंना मी कळवलं आहे, ते म्हणाले, चला, आता निदान कोणीतरी जेवणापुरतं बदक आणेल. तेव्हा तुम्ही पोलिसांना रॉकेटचं अगदी बिनधास्त, तारखेसकट सांगा. आणि काकूंना विचारा, बदकाला कांदा-खोबऱ्याचं वाटण चालतं का, की नुसतं काळं मिरं?