मांडवच्या दरीतला अशोक

अण्णा, तुमच्या तिन्ही वह्या माझ्यापुढे उघड्या आहेत आणि काय करावे ते मला कळत नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षे झाली. जंगल खात्यात तुमच्या हाताखाली जे कारकून होते ते आता तुमच्या जागेवर बसतात. त्यांचे पत्र आले की धारचा दरबार संस्थानातली झाडे आणि जनावरे यांचे एक पुस्तक छापणार आहे आणि त्याला तुमच्या वह्यांखेरीज दुसरा आधार नाही. तुमची मोडी आता घरात मलाच वाचता येते, तेव्हा बालबोधीत स्वच्छ नक्कलही मीच करावी, आणि शेवटी 'सर्व नोंदी समक्ष पाहून केलेल्या व खऱ्या आहेत' असे लिहून खाली सही करावी. नक्कल झाली. सही राहिली आहे. एका पानापाशी हात थांबतो. ते पान खोटे आहे हे तुम्हाला ठाऊक होते की नव्हते, एवढेच मला इतकी वर्षे कळत नव्हते. आता ते कळले, आणि बाकीचे कळेनासे झाले.

मला अक्षरे या वह्यांनीच शिकवली. धारच्या घरातले ते स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढे आहे. आई भाकरी थापते आहे, आणि चुलीपासून दोन हातांवर तुम्ही पाट टाकून बसला आहात, कारण परसातला उजेड तिथेच चांगला येतो. दाबून वाळवलेले एक पान तुम्ही माझ्यापुढे सरकवता. मी लिहिलेला पहिला शब्द 'पळस'. त्याच्याखाली तुम्ही 'खाकरा' लिहायला लावलेत, कारण माळव्यात त्याला तसे म्हणतात, आणि भिल्लांच्या नावासाठी एक ओळ मोकळी सोडलीत. मग पुढचे रकाने: कुठे, कोणी दाखविले, कोणाच्या हाताने तोडले. हा शेवटचा रकाना तुमच्या खात्यातल्या कोणाच्याच वहीत नव्हता. सगळे हसत. तुम्ही म्हणत, "ज्याच्या हाताने तोडलं, त्याला विचारता येतं." पाहिले नाही ते लिहायचे नाही, आणि पान स्वतः तोडले नसेल तर तसे लिहायचे, हे दोनच नियम होते. मी आठ वर्षांची होते. मला वाटे, असे न करणाऱ्याला शिक्षा होते. कोण करते ते ठाऊक नव्हते.

तुम्ही कुक्षी-मनावरकडून फिरतीवरून आलात की आई तुमच्या कोटाजवळ जात नसे. "खिशात हात घालायची सोय नाही," ती म्हणे. "परवा काय निघालं, तर सापाची कात." तुम्ही म्हणत, "धामणीची आहे, काही करत नाही," आणि ती म्हणे, "धामण नसेल करत. मी करीन." त्या खिशांतून काय काय निघाले! अंजनाच्या शेंगा, सालईचा डिंक, साळिंदराचे काटे, चारोळीची फळे, खवल्या मांजराचा एकच खवला. सरदारपूरकडच्या गवतात पावसाळ्यात खरमोर पक्षी येतात, त्यांचा नर गवतातून माणसाच्या उंचीइतका उडी मारतो आणि पुन्हा गवतात पडतो, हे तुम्ही मला अंगणात स्वतः उड्या मारून दाखवले होते. शेजारच्या काकू भिंतीवरून पाहत होत्या. मी विचारले होते, "एवढं सगळं एकाच संस्थानात कशाला, अण्णा?" तुम्ही धापा टाकत होता. म्हणालात, "कशाला, असा आपल्याकडे रकाना नाही." तेव्हा मी हसले. आता नक्कल करताना पान उलटते, पुन्हा पान उलटते, धावडा, बेहडा, कुसुम, कांडोळ, चौशिंगा, धनेश, सारस, नर्मदेतले हातभर मासे, आणि संपतच नाही, तेव्हा मला थोडे भ्यायला होते. हे सगळे खरेच पाहिले होते तुम्ही? आणि ते सगळे अजून आहे?

मी अकरा वर्षांची असताना तुम्ही मला श्रावणात मांडवला, गडावर, नेलेत. तिथल्या त्या प्रचंड बुंध्याच्या गोरखचिंचा पाहून मी गाडीतच उभी राहिले. तुम्ही म्हणालात, ही झाडे इथली नव्हेत, पूर्वी कोणी तरी समुद्रापलीकडून आणून लावली. मी विचारले, "मग आपल्या वहीत कशाला?" तुम्ही म्हणालात, "उभी आहेत म्हणून." तुमचा वाटाड्या, तो उंच भिल्ल, आपल्याला दरीत झऱ्यापाशी घेऊन गेला. तिथे लांबट चकचकीत पानांचे एक झाड होते. त्याने त्याच्या भाषेतले नाव सांगितले, ते तुम्ही लिहून घेतलेत. "हे तुझ्या हाताने तोड," म्हणालात. मी तोडले. पदराला बांधले. परत येताना पाऊस लागला, घाट उतरताना पदर सुटला, आणि घरी आल्यावर पान नव्हते.

मी सांगायला हवे होते. तुम्ही रागावला नसतात, हे आज कळते. तेव्हा वाटले, रकाना कोरा राहील आणि माझ्या नावापुढे तो कायमचा कोरा राहील. हरतालिकेच्या पत्रीसाठी आई सोळा तऱ्हेची पाने जमवी. त्यांतला खरा अशोक, सीतेचा, धारेत कुठे मिळत नसे, म्हणून कोकणातून मामा दरवर्षी त्याची पाने वहीत दाबून टपालाने पाठवी. आपण माळव्यात येऊन किती पिढ्या झाल्या, पण देवीला पान मात्र तिकडचेच लागे. पुडक्यात एकच अखंड पान होते. लांबट. दरीतल्या पानासारखेच मला दिसले. मी ते वहीत चिकटवले आणि खाली लिहिले: मांडव, झऱ्याजवळ. माझ्या हाताने.

तुम्ही ते बराच वेळ पाहिलेत. "हे तू स्वतः तोडलंस?" "हो," मी म्हणाले. तुम्ही भिल्लाचे नाव टिपलेला कागद काढलात, पुन्हा पान पाहिलेत, कागद घडी करून ठेवलात, आणि नावाच्या ओळीवर 'अशोक' एवढेच लिहिलेत. मग हरतालिकेच्या सकाळी आई पाने मोजत होती आणि पंधराच भरत होती. "अशोक कुठं गेला? मी स्वतः ठेवला होता इथं." मी दारात उभी होते. तुम्ही संध्येला बसला होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलेत, फार नाही, जेवढे पळीतून पाणी सोडायला लागते तेवढेच. म्हणालात, "उंदरानं नेलं असेल." आई म्हणाली, "उंदीर पान खातो का?" तुम्ही म्हणालात, "आपल्याकडचा खातो. दुसरं मागवू मामाकडून." आणि पुढचे आचमन घेतलेत.

त्या पुढच्या वर्षी मामा माझ्या धाकट्या भावाच्या मुंजीला आला तेव्हा घासलेटच्या डब्यातून दोन रोपे घेऊन आला होता, हे मला आठवते. आठ-पंधरा दिवस ती परसात होती. तुम्ही म्हणाला होतात की कचेरीच्या बागेसाठी आहेत. मी रोज पाणी घातले. एके दिवशी डबा नव्हता, मीही विचारले नाही. नंतर दुष्काळ आला, त्यातच तुम्ही तापाने गेलात, आणि मी लग्न होऊन देवासला आले. इथे एका गावात दोन राजे आहेत. आमच्या रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, दुसरी धाकट्या पातीची. समोरच्या कौलांवर मोर बसला की हे मला चिडवतात, "आता हा कुठल्या पातीचा लिहिशील?" मी खरोखरच विचार करू लागते, म्हणून त्यांना आणखी हसू येते.

वह्या यंदा हातात आल्या तेव्हा ते पान मी प्रथम उघडले. माझ्या अक्षराखाली तुमची मोडी होती, वेगळ्या शाईत: 'पाहिले. दोन झाडे.' मी तिथेच बसले. तुम्ही न पाहिलेले कधी लिहिले नाही. मग मांडवला सीतेचा अशोक आहे? मग मी खोटे बोलून खरे लिहिले? की मला वाचवायला तुम्ही आयुष्यात एकदाच खोटे लिहिलेत, आणि त्यावर आता मी सही करायची? मी यांना सगळे सांगितले. हे म्हणाले, "अगं, एका पानासाठी कोण मांडवला जाऊन पाहणार आहे? सही करून टाक." मी म्हणाले, "मी." आणि भाऊबिजेला धारला गेलो तेव्हा ते बैलांची दमणी करून मला मांडवला घेऊन गेले.

तुमचा वाटाड्या अजून आहे. कमरेत वाकला आहे, एका डोळ्याने दिसत नाही. मी कोणाची मुलगी ते सांगितले तर त्याने माझ्याकडे न पाहता यांच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "दादासाब की छोरी? या तो नानी थी, रोती-रोती उतरी थी घाट।" मी लहान होते हे खरे, पण रडत होते हे मला आठवत नव्हते. हे वर गाडीपाशीच थांबले, त्यांना काटे नकोत. मी त्याच्यामागून झऱ्याकडे उतरले आणि वाटेत विचारले की इथे अशोकाची झाडे आहेत का. तो थांबला. म्हणाला, "है ना, बाई. दादासाब ने ही तो लगायी।"

मला समजले नाही. त्याने पुन्हा सांगितले, लहान मुलाला सांगावे तसे. तुम्ही डबा घेऊन आला होतात. एकटे. दोन खड्डे त्याने खणले, रोपे तुम्ही लावलीत. मग झऱ्याचे पाणी घातलेत, खाली बसलात, आणि वही काढून काही तरी लिहिलेत. "मैं बोल्यो, साब, यो कंई करो? झाड की कमी है कंई यां?" तो हसायला लागला. "साब बोल्या, एक कम पड़ी रयो थो।"

दोन रोपांपैकी एक बकऱ्यांनी खाल्ले. एक आहे. माझ्यापेक्षा दुपटीने उंच, झऱ्यावर वाकलेले. कोवळी पाने तांबूस, खाली लोंबणारी, आईच्या पुडक्यात ती कधी आली नव्हती. मी वाटाड्याला विचारले की मी लहानपणी ज्याचे पान तोडले ते झाड कुठले. त्याने चारी बाजूंना हात फिरवला. "यां तो सब लांबा पान का है, बाई।" म्हणजे ज्याचे पान मी खरोखर तोडले ते झाड कुठल्याच वहीत नाही, आणि जे कधी इथे नव्हते ते आहे, आणि आता इथे खरोखरच आहे. अण्णा, हे खरे की खोटे? तुम्ही पाहिलेत, हे खरे. दोन होती, हेही खरे. लिहिताना शाई खरी व्हावी म्हणून तुम्ही आधी झाड लावलेत. असे करायला परवानगी आहे का, हे विचारायला तुमच्याशिवाय मला कोणीच नाही, आणि तुम्हीच ते केलेत. माझ्यावर तुम्ही रागावला होतात का? अकरा कोस डबा मांडीवर घेऊन जाताना काय वाटले? एकदा बोलला असतात तर मी इतकी वर्षे पाने मोजत बसले नसते. आणि बोलला असतात तर हे झाड नसते.

काल रात्रीच नक्कल पुरी केली. तुमच्या 'पाहिले. दोन झाडे.' खाली मी माझ्या अक्षरात लिहिले आहे: 'पैकी एक आहे. लावलेले.' कोणी लावले, कशासाठी, ते लिहिले नाही. तसे रकाने नाहीत. पुस्तकात नवे पान जावे म्हणून तिथूनच एक आणले आहे, आणि ते कोणाच्या हाताने तोडले तेही जसे झाले तसे लिहिले आहे: वाटाड्याच्या. फांदी उंच होती. त्याने काठीने वाकवली तरी माझा हात पोचला नाही, मग त्यानेच तोडून दिले. आता सही करताना माझा हात थांबणार नाही असे वाटते. हे पत्र वह्यांच्या बासनात ठेवता येत नाही, कारकुनांच्या हाती जाईल. ते इथेच फडताळात राहील.

एक मात्र सांगते. दरीतून वर आले तेव्हा हे गाडीपाशी उभे होते, माझ्या मुठीत पान पाहून म्हणाले, "तूच तोडलंस ना? नाही तर पुन्हा झोप नाही तुला." आणि मी "हो" म्हणाले.