चुकीच्या डोळ्याची तारीख

चिरंजीव विसरभोळ्या धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे पोतंभर आशीर्वाद. तुला एक थोरली बहीण आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पाकीट फोडल्यावर ‘ही कोण बाई’ असं बायकोला विचारत बसायला नको. मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. मध्ये एकदा फोन आला तो चुकून, तुला नळ दुरुस्त करणाऱ्याला लावायचा होता. तरी अर्धा तास बोललास, त्यातली पाच मिनिटं नळाबद्दल. असो. तुझे गुडघे वाकतात का, झोप लागते का, अंगठ्याचं नख कसं आहे ते कळव. माझी तब्येत विचारणार नाहीसच, म्हणून मीच सांगते. लिहून घेते आहे सूनबाई. मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं आणि तिच्याविषयी काही आलं तरी गाळायचं नाही, असं ठरलं आहे. तिचं अक्षर फार सुरेख आहे म्हणतात. मला काय, सगळीच सारखी.

तर माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला आहे. नुसत्या उजव्या डोळ्याने बघितलं तर तुझा भाचा दुधात बुडवलेल्या पावासारखा दिसतो. डावा मात्र ठणठणीत. (किंचित सुरुवात त्यातही आहे म्हणे, पण त्याच्याच जिवावर मी अजून सुई ओवते आणि तुझ्या भाच्याच्या शर्टांची काजं करते.) डॉक्टरांची वेळ घ्यायला फोन लावला तर एक बाई म्हणाली, तुम्ही रांगेत एकोणिसाव्या आहात. मी म्हटलं, हरकत नाही, आणि तिला गुडघ्याचं सगळं सांगितलं, थोडं तुझंही सांगितलं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, तुम्ही रांगेत अठराव्या आहात. ती बाई खरी नसून यंत्र आहे हे सूनबाईने मला माझं बोलणं संपल्यावर सांगितलं. (ती म्हणते, आधी तीनदा सांगितलं होतं. लिही, लिही.)

तीन आठवड्यांनी डॉक्टर भेटले. भिंतीवर मोठी पाटी. सूनबाईने वाचून दाखवली: एका भेटीत एकच तक्रार. अरे, माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. या वयात एकच तक्रार घेऊन कोण येतं? मी घाबरून गुडघा सांगितला, कारण तो त्या क्षणी दुखत होता. डोळ्यासाठी पुन्हा तीन आठवडे. मग डोळा सांगितला, तर त्यांनी चिठ्ठी दिली आणि म्हणाले, मोठ्या दवाखान्यात नंबर लागायला चौदा महिने. मी खुर्चीतच बसून राहिले. ते घड्याळाकडे बघत होते, मी त्यांच्याकडे.

तेव्हा तू फोनवर (तोच तो नळाचा) मोठ्या ऐटीत म्हणालास की ताई, आमच्याकडे सकाळी जा, दुपारी डोळा करून घरी ये. तुमच्याकडचं मला सांगू नकोस. तू अंगठ्याचं नख दाखवायला गेलास आणि चार दिवस तिथेच राहिलास. तुझ्या हृदयाचा फोटो काढला, पोटाचा काढला, डोक्यात काय आहे ते बघितलं (काही सापडलं का ते तू सांगितलं नाहीस), आणि घरी आलास तेव्हा नख होतं तसंच. आमच्याकडे दुखतं तिथेही कुणी हात लावत नाही, तुमच्याकडे न दुखणारंही सोडत नाहीत. एवढाच फरक, असं मला वाटत होतं. पण आता ऐक.

मागच्या महिन्यात त्या मोठ्या दवाखान्यात नुसती नजर तपासायला बोलावलं. सूनबाई गाडी लावायला गेलेली. एका अंधाऱ्या खोलीत कडक इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस, समोर उजळलेला तक्ता, मागच्या बाकावर दोन अनोळखी बायका. उजवा डोळा झाकून तो म्हणाला, वाचा आजी. मला सगळं लख्ख दिसत होतं. प्रत्येक अक्षराचं पोट, पाठ, पायाचा बाक. जिन्यात रोज दिसणाऱ्या शेजाऱ्याचा चेहरा ओळखीचा असावा पण नाव ठाऊक नसावं, तसं. मागच्या बायका कान देऊन होत्या. मी म्हटलं, दिसत नाही. त्याने वरची ओळ दाखवली, सगळ्यात मोठी. मी म्हटलं, तीही नाही. मग डावा झाकला. तेच. त्याचा चेहरा असा पडला की मलाच त्याची कीव आली.

आठवड्यात पत्र आलं. तुमची नजर जवळजवळ गेलेली असल्याने तुम्हाला पुढे घेतलं आहे, शस्त्रक्रिया येत्या अकराव्या दिवशी. घरात आनंदीआनंद. तुझा भाचा म्हणाला, बघ, आपल्या इथली व्यवस्था. सूनबाईने शेवटची ओळ वाचली: आधी डावा डोळा.

आधी डावा. काजं करणारा. मी तीन दिवस गप्प आहे. खरं सांगितलं तर पुन्हा चौदा महिने. नाही सांगितलं तर माझा चांगला डोळा कापतील. आणि माझ्या जागी ज्याला खरंच काही दिसत नाही तो रांगेत मागे उभा असेल, तो वेगळाच. हे मी अजून घरात कुणाला

(इथे सूनबाईने पेन खाली ठेवलं. म्हणाली, “आई, मला तरी सांगायचंत.” एवढंच. ओरडली नाही, तेच जड गेलं. फोन लावला. रांगेत तेविसावी होती. हललीसुद्धा नाही.)

पुढचं आज, दोन दिवसांनी. काल दोघी गेलो. तोच माणूस, तोच शर्ट असावा. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “मला वाचता येत नाही. दिसतं सगळं.” मला वाटलं, हाकलून देईल. त्याने खण उघडून दुसरा तक्ता काढला. त्यावर घर, मासा, छत्री, बदक. असा तक्ता असतो, अरे! दहा पावलांवर खणात पडलेला होता, आणि मी नुसतं विचारायचं होतं, किंवा त्याने. डाव्या डोळ्याने मी बदकाच्या चोचीपर्यंत सगळं सांगितलं. उजव्याने घरसुद्धा दिसलं नाही. तो म्हणाला, विचारायचं काम माझं होतं, चूक आमची, मोठ्या डॉक्टरांशी बोलतो. मागच्या बाकावरची एक बाई हळूच म्हणाली, ‘मलाही तो मासेवालाच द्या.’

तुझी,
ताई

ता. क. संध्याकाळी फोन आला. उजवा डोळा, रांगेतल्या माझ्या हक्काच्या जागी. मागच्यांची तारीख मागच्यांना. म्हणजे तेरा महिने. मला खरं तर हायसं वाटलं, पण हे तुझ्या भाच्याला सांगू नकोस.

पुन्हा ता. क. सूनबाईला विचारलं, तेरा महिन्यांत अक्षरं येतील का? ती म्हणाली, तीन तर येतातच ना तुम्हाला. येतात. तू शाळेतून येऊन अंगणात कोळशाने काढून दाखवली होतीस, बाकीची उद्या म्हणालास आणि खेळायला पळालास. तो उद्या अजून आलेला नाही. सूनबाई शिकवायला तयार आहे, पण कबूल केलं होतंस तू. तेव्हा ये. महिनाभर तरी राहा. पुढच्या वेळी मला त्या खोलीत पहिला तक्ता हवा आहे.

आणखी एक. येताना भाजलेले शेंगदाणे आण, सोलून. मीठ लावलेले. रक्तदाबाचं बोलू नकोस, एका भेटीत एकच तक्रार.