तेराव्या श्लोकाला भिंत

बूढापारा, रायपूर
भाद्रपद वद्य पंचमी

चिरंजीव नीलकंठ यास अच्युतदादाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सर्व कुशल आहोत. अकरा वर्षांनी माझे पत्र पाहून कोणी गेले की काय, अशी शंका तुला येईल, म्हणून आधीच कळवतो, की कोणीही गेलेले नाही. पितृपंधरवडा आहे खरा. काल तर्पण करताना मनात आले, की तीन पिढ्यांतील मृतांना मी दरवर्षी नाव घेऊन बोलावतो आणि नागपूरच्या जिवंत भावाला बोलावत नाही. याला शास्त्राधार सापडला नाही.

सौमित्र उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये पाळीवर असतो, सूनबाई शाळेत. त्यामुळे देवश्रीला पोहण्याच्या तलावावर नेण्याचे काम चार वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. होय, पोहण्याच्या. हे वाक्य मी तीन वेळा खोडून पुन्हा लिहिले आहे.

तुझी नात आता एकोणीस वर्षांची आहे. दोनशे मीटरची वैयक्तिक मेडले ही तिची शर्यत. पोहण्याचे चार प्रकार, प्रत्येकाची एक लांबी. तिच्या प्रशिक्षिका रीना दीदी यांनी इंग्रजी नावे सांगितली, ती मी आपल्या रीतीने लावून घेतली. पहिला बटरफ्लाय, तो गरुड, दोन्ही पंख एकदम उचलायचे. दुसरा बॅकस्ट्रोक, म्हणजे शेषशायी. भगवंत निजतात, ही मात्र पाठीवर पडून धावते. तिसरा ब्रेस्टस्ट्रोक, कूर्म. चौथा फ्रीस्टाइल, मत्स्य. रीना दीदींना हे विवरण ऐकवले तेव्हा त्या "हव, दादाजी" असा होकार देऊन शिट्टी वाजवत निघून गेल्या.

तिच्या गटातल्या सर्व अंध मुलींना काळे केलेले गॉगल लावावे लागतात, कोणाला कणभरही उजेड अधिक मिळू नये म्हणून. अशी समदृष्टी मी अन्यत्र पाहिली नाही. पंच ते स्वतःच्या डोळ्यांना लावून तपासतात. एकदा मीही लावून पाहिले. डाव्या डोळ्याला फारसा फरक जाणवला नाही. असो.

भिंत जवळ आल्याचे मुलींना कळावे म्हणून तलावाच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस लांब काठी घेऊन उभा असतो. पोहणारी भिंतीशी येऊ लागली, की काठीच्या मऊ टोकाने तिला स्पर्श करायचा. त्याला टॅपर म्हणतात. सुरुवातीच्या टोकाला रीना दीदी, पलीकडच्या टोकाला मी. आमच्या काठीच्या गोळ्यावर माझ्या जुन्या सोवळ्याचे रेशीम शिवले आहे. सोवळे क्लोरीनच्या पाण्यात चालते का, यासाठी मी दोन दिवस ग्रंथ चाळले. अखेर, जे पाणी जंतूंनाही जगू देत नाही ते अशुद्ध असणार नाही, असा निर्णय मीच दिला. अंड्यांचा प्रश्न मात्र प्रलंबित आहे. ती रोज चार खाते. घरात त्यांना 'पांढरे फळ' म्हणतात, आणि एकादशीला मी फळाहाराची चौकशी करीत नाही.

आता मुख्य गोष्ट. ती सांगण्यापूर्वी, इकडे यंदा पाऊसपाणी बरे झाले, हेही कळवतो.

जानेवारीपासून मला पाण्यातले डोके आणि दोन रांगांमधल्या दोरीवरचे लाल गोळे यांतला भेद कळेनासा झाला. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, आणि शस्त्रक्रियेनंतर महिनाभर तलावावर जायचे नाही, असे बजावले. महिनाभरात माझ्या जागी दुसरे कोणी उभे राहिले असते. म्हणून मी घरी सांगितलेच नाही आणि उपाय शोधला. रोजचे स्तोत्र मी एकाच लयीत म्हणतो, हे तू जाणतोस. तुला त्या लयीत झोप लागत असे. मोजून पाहिले. गरुडाला सहा श्लोक. पुढे शेषशायी तिकडे जाऊन कूर्म परत येईपर्यंत पंधरा. सहावा संपला की काठी, मग पुन्हा पहिल्यापासून म्हणून पंधरावा संपला की काठी. आठ महिन्यांत एकही चूक नाही. एकदा एका पंचांनी माझे हलते ओठ पाहून हटकले, "दादाजी, तैराक से बात करना मना है।" मी म्हणालो, मी तिच्याशी नव्हे, नारायणाशी बोलतो आहे. त्यांनी नियमपुस्तक चाळले. नारायणाविषयी त्यात काही नव्हते.

गेल्या रविवारी परदेशातल्या स्पर्धेसाठी निवड होती. माझ्या टोकाचे पहिले वळण नीट पार पडले. माझ्याकडच्या दुसऱ्या वळणाला मी तेराव्या श्लोकात असताना भिंतीशी धप्प असा आवाज झाला. घाईने काठी टाकली ती दोरीवरच्या गोळ्याला लागली. तिचा हात भिंतीवर आपटला होता. तशीच ती वळली आणि शेवटची लांबी पुरी केली. बाहेर आली तेव्हा करंगळी अंगठ्याएवढी झाली होती.

रीना दीदी धावत आल्या. मी त्यांना म्हणालो, "पोरगी वाकडी आली."

नीलकंठ, हे मी म्हणालो. पन्नास वर्षे मी प्रवचनांतून सत्य सांगत आलो आहे. देवश्रीने ते ऐकले.

घरी मी करंगळीला आंबेहळद लावत होतो, तेव्हा ती बोलली.

"आजोबा, मले जानेवारीपासूनच माहीत आहे. आधी तुमची काठी मी आल्यावर लागे. आता श्लोक संपल्यावर लागते. म्हणून मी श्लोक संपेपर्यंत येतच नव्हते. मलेही पाठ आहेत ना ते, तुम्हीच शिकवले."

आठ महिने हिची वेळ का सुधारत नाही, म्हणून रीना दीदी हैराण होत्या; आणि मी त्यांना प्रारब्धाचा सिद्धान्त समजावून देत होतो.

मी विचारले, मग आज का थांबली नाहीस?

"पहिल्या वळणाले थांबले. मग वाटलं, तुमच्या देवाले घाई नाही, मले आहे."

तिची वेळ आजवरची सर्वोत्तम होती. निवड झाली. डिसेंबरात जायचे आहे. काठी कोणाच्या हाती द्यावी, असे मी विचारले, तर तिला विचारही करावा लागला नाही. "नीलूआजोबांले बोलवा. रेल्वेत गार्ड होते ते, पाहिल्याबिगर झेंडी नाही दाखवत."

तेव्हा तेही लिहिणे आले. कार्तिकी पौर्णिमेला महादेव घाटावर तू आठ वर्षांच्या देवश्रीला खारुनच्या पाण्यात नेलेस आणि तिचा हात सोडलास. मी काठावरून ओरडत होतो. तू म्हणालास, "दादा, पोट्टी तरंगून राहिली, बुडून तुम्ही राहिले." त्यावर साऱ्या घाटादेखत मी तुला घराचे दार बंद केले. ती तेव्हा पाण्यात हसत होती. त्या वेळी माझे डोळे उत्तम होते. मी ते पाहिले होते.

शस्त्रक्रिया सर्वपित्री अमावास्येनंतर ठरवली आहे. त्याआधी ये. काठी दाराशीच ठेवली आहे. रेशीम नको असेल तर काढून टाक. डिसेंबरात दृष्टी आली, तरी मी प्रेक्षकांतच बसेन. स्तोत्र मनातही म्हणणार नाही. तिला कुठून चाहूल लागली, तर ती पुन्हा माझ्यासाठी हळू होईल.

काठावर गप्प बसायला उशिरा शिकणारा,
तुझा थोरला
अच्युत